दोन्ही हात मोकळे

कामगार कार्यालयातून फोन आला तेव्हा ती बाळाला पाजत होती. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

पलीकडच्या कारकून बाई घाईत होत्या. छापखान्यातल्या एका अपघाताची चौकशी आहे, येत्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या. अपघात झालेल्या कामगाराला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याचं खुणांच्या भाषेतलं बोलणं सांगायला दुभाषी पाहिजे.

"मी रजेवर आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे माझं," ती म्हणाली.

"ते माहीत आहे हो. पण दोन बैठका फुकट गेल्या आमच्या. ते दुसरे दुभाषी आहेत ना, त्यांना त्या माणसाचं धड कळेचना. त्याची बोटं गेलीत ना उजव्या हाताची. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, तुमच्या आईचा हात प्लास्टरमध्ये आहे, एका हाताचं बोलणं तुम्हाला सवयीचं आहे."

हे मात्र खरं होतं. तिच्या आईलाही ऐकू येत नव्हतं. लेक बोलायला शिकायच्या आधी खुणा शिकली होती आणि पुढे तेच तिचं पोटापाण्याचं काम झालं होतं. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आलेली आई पाच आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. खुणांनी बोलणाऱ्याचा एक हात बांधला की अर्धे शब्द हातातच राहतात. पहिले चार दिवस मायलेकींची नुसती चिडचिड झाली. मग हळूहळू लेकीला डाव्या हाताचं ते अर्धंमुर्धं बोलणं कळायला लागलं. "आई सध्या बोबडं बोलते," असं ती सगळ्यांना हसून सांगायची. त्या दुसऱ्या दुभाषीलाही तिने हेच सांगितलं होतं. ते असं अंगाशी येईल हे तिला काय ठाऊक!

"मला बाळाला बरोबर आणावं लागेल. ती बाटली घेत नाही," ती म्हणाली.

बाईंनी फोनवर हात ठेवून कुणाला तरी विचारलं. "साहेब म्हणतात आणा. पण काम थांबायला नको."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हो म्हणून बसलो.

बाळाचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण घरात ती भिंगरी. आजीने जन्मल्याच्या तिसऱ्याच दिवशी तिला खुणेचं नाव दिलं होतं, हवेत गरगर फिरवलेलं एक बोट, कारण पोरगी क्षणभर एका जागी स्वस्थ राहायची नाही. दर तासा-सव्वातासाला तिला प्यायला लागायचं, तेही आईच्या अंगावरच. वाटी-चमचा झाला, चार तऱ्हांच्या बाटल्या झाल्या. बाटली ओठांना लागली की ती तोंड घट्ट मिटायची आणि असा काही चेहरा करायची की बापाला हसू आवरायचं नाही. बाप लांब पल्ल्याची बस चालवायचा. नेमकी त्या बुधवारी त्याची पाळी होती. आजीच्या एका हातात प्लास्टर. तिच्याजवळ बाळ सोपवून चौकशीच्या खोलीत जायची सोय नव्हती. म्हणजे बाळ अंगावर, तेही पिता येईल असं, आणि दोन्ही हात मोकळे.

"म्हणजे बाळ अंगाला बांधायचं काहीतरी घे की," नवरा फोनवर म्हणाला. मागे बसस्टँडचा कल्लोळ चालला होता. "बाजारात ढीगभर मिळतात."

ढीगभर मिळतात, तेच तर होतं.

पहिली झोळी शेजारणीने दिली. खांद्याला अडकवायची, पिशवीसारखी, आत बाळ आडवं निजवायचं. भिंगरी आत गेली आणि दिसेनाशीच झाली. ती छान गप्प राहिली म्हणून बाळाची आई खूश झाली, पण त्याच दुपारी बाळाला तपासायला आलेल्या नर्सताईंनी पिशवीचा काठ बाजूला केला आणि आत नजर टाकली.

"काढा आधी हिला बाहेर," त्या म्हणाल्या. "हनुवटी छातीला टेकलीय बघा. एवढ्याशा बाळाची मान अशी दुमडली की श्वासाची वाट अरुंद होते. आणि ते रडतही नाही, नुसतं गप्प होतं. तुम्हाला वाटतं झोपलं." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "कुठलंही घ्या, पण चेहरा सतत दिसला पाहिजे. मान खाली घातली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे, इतकं उंच. हनुवटीखाली तुमची दोन बोटं मावली पाहिजेत. पाय बेडकासारखे, गुडघे ढुंगणापेक्षा वर. पाजायला खाली घेतलंत तरी पिणं झालं की लगेच परत वर. खाली तसंच झोपू द्यायचं नाही."

ती शहारली. सकाळभर त्या गप्पपणाचं तिला कौतुक वाटलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस भिंगरी जरा शांत झाली की ती वाकून नाकाशी बोट धरायची.

दुसरी वस्तू नणंदेकडून आली, पाठीवर पट्टे, कमरेला पट्टा, कटाकट लागणारी बकलं. बाळ छातीवर ताठ बसायचं, पाठीला आराम वाटायचा. पाजायला कमरेचा पट्टा खाली सरकवायचा, खांद्याचे पट्टे सैल करायचे. दोन-तीनदा केल्यावर तेही जमलं. ती मोठ्या उत्साहाने आईसमोर उभी राहिली आणि खुणांनी म्हणाली, "बघ, आता मी काय बोलते ते सांग."

तिने वर्तमानपत्रातली एक बातमी घेतली आणि ती खुणांमध्ये सांगायला लागली. आई खुर्चीत बसून डोळे बारीक करून बघत होती. दोन मिनिटांनी तिने डावा हात वर केला.

"काही कळत नाही," आई त्या एका हाताने म्हणाली. "पोरीचं डोकं तुझे शब्द खातंय."

तिने आरशात पाहिलं. खरंच होतं. छातीसमोरची जी जागा हातांनी बोलायची, तिथेच भिंगरीचं टक्कल मधोमध होतं. 'माझं', 'दुखतं', 'खरं', 'घाबरलो', हे सगळं छातीला हात लावून बोलायचं आणि छाती तर बाळाने अडवलेली. 'दुखतं' म्हणताना तिने बाळाच्या पाठीवर थाप दिली होती. भिंगरीने तेवढ्यात ढेकर दिली.

आई हसली. ती मात्र हसली नाही. बुधवारला आता सात दिवस उरले होते.

तिसरा प्रयोग लांब कापडाचा. पाच मीटर कापड अंगाभोवती गुंडाळायचं, पाठीवर फुली, पोटाशी गाठ. मोबाइलवर एक बाई हसत हसत ते दीड मिनिटात बांधत होती. तिला अकरा मिनिटं लागली आणि घामाच्या धारा सुटल्या. बांधून झाल्यावर मात्र फार छान वाटलं; वजन कुठे गेलं कळलंच नाही. पण भिंगरीला भूक लागली, गाठ सोडावी लागली, कापडाची दोन्ही टोकं फरशीवर लोळली, बाळ एका हाताच्या कवेत रडतंय आणि दुसऱ्या हाताने ती पाच मीटर कापड गोळा करतेय. चौकशी अधिकाऱ्यासमोर असं उभं राहिल्याचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं.

तिने कापड पलंगावर फेकलं. "नाही म्हणून कळवते त्यांना. मलाच हौस होती."

आईने कापड उचलून मांडीवर घेतलं. एका हाताने ते चुरगळून बघितलं, मग बाजूला ठेवलं, कारण बोलायला हात लागणार होता.

"तू झालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळे माझ्या आईला म्हणायचे, हिच्याजवळ पोर ठेवू नका, रडलं तर हिला ऐकू येणार नाही. मी तुला चादरीने बांधून घेतलं. स्वयंपाक करताना, धुणं धुताना, झाडताना. तू रडलीस की माझ्या बरगड्या थरथरायच्या. रडायच्याही आधी कळायचं, तू श्वास लांब घ्यायचीस तेव्हाच. आजी धावत यायची तर तू आधीच पीत असायचीस."

"हे कधी सांगितलं नाहीस मला."

"त्यात सांगायचं काय? काम होतं ते." आईने खांदे उडवले. "पण मी तेव्हा गप्प असायचे. हात चादर सांभाळायला. वर्षभर कुणाशी नीट बोलले नाही मी. तुला बोलायचं आहे. उगाच माझी नक्कल करू नकोस. दुकानात जा."

दोघी गेल्या ते दुकान बस थांब्यापासून दूर, एका वळणावर होतं. खाली लहान मुलांचे कपडे आणि माळ्यावर झोळ्या, पट्टे, कापडं. दुकानदारीण जाडजूड, चष्मा डोक्यावर ढकललेला. तिच्याकडे एक बाहुली होती, पोटात वाळू भरलेली, हुबेहूब चार महिन्यांच्या बाळाच्या वजनाची.

"आधी हिच्यावर शिका. ही रडत नाही," ती म्हणाली. "बोला, कशासाठी हवंय? फिरायला? घरकामाला?"

"बोलायला," ती म्हणाली.

दुकानदारीण थांबली. मग सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न तोडता. आईकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं आणि माळ्यावरून कड्यांची झोळी काढली. साधं रुंद कापड, त्याच्या एका टोकाला दोन जाड कड्या. कापड खांद्यावरून पाठीवर जाऊन कंबरेला वळसा घालून पुढे यायचं आणि कड्यांतून ओवलं जायचं. बाळ मधे, कडेवर.

"कडेवर बसलं की छाती मोकळी," दुकानदारीण म्हणाली. "भूक लागली की ही कडी जरा उचला, कापड सरकतं, बाळ खाली येतं. प्यालं की कापडाचं हे लोंबतं शेपूट ओढा, बाळ वर. एका हाताचं काम. पण बांधायचं नीट. कड्या इथे, गळ्याच्या हाडाखाली. आणि कापड त्याच्या गुडघ्यांपर्यंत पसरून, नाहीतर घसरेल."

तिने बाहुली घेतली. कड्या उजव्या खांद्यावर, बाळ डाव्या कडेवर. आईसमोर उभी राहून चार वाक्यं बोलली. डावा हात दर वेळी बाहुलीच्या डोक्यावर आपटत होता.

"अहो, तुम्ही डावखुऱ्या!" दुकानदारीण म्हणाली. "मग उलट घ्या की. मला आधी सांगायचं नाही का?"

"मला तरी कुठे सुचलं," ती म्हणाली. तिला स्वतःचा राग आला होता. आपला हात कुठला हेसुद्धा आपण विसरलो.

कड्या डाव्या खांद्यावर, बाळ उजव्या कडेवर. आता डावा हात मोकळा झाला, पण कापड दंडावर पसरलेलं, हात वर जाईना. दुकानदारिणीने खांद्यावरचं कापड गळ्याकडे दुमडलं. हात वर गेला. अजून जरा वर. उजवा हात बाळाला वळसा घालून पुढे यायचा, थोडा अवघडून, पण यायचा.

आईने बघितलं. मान हलवली. मग दोन पावलं मागे गेली, पुन्हा बघितलं आणि नाक मुरडलं.

"काय झालं?"

"फुलं," आई म्हणाली. कापडावर पिवळी-लाल फुलं होती, फार गोड. "फुलांसमोर बोटं दिसत नाहीत. डोळे दुखतात माझे. साधं घे. गडद."

गडद निळ्या रंगाची एकच उरली होती, आणि तिची कडी जरा घट्ट चालायची. दुकानदारीण म्हणाली, आठवड्यात सैल होईल. आठवडा नव्हताच. तिने तीच घेतली.

पाच दिवस ती घरात झोळी घालूनच वावरली. पाजायचं, वर ओढायचं, बोलायचं. पाजायचं, वर ओढायचं, बोलायचं. आई खुर्चीत बसून बातम्या बघत असल्यासारखी तिचे हात बघायची आणि चुका काढायची. पहिल्या दिवशी भिंगरी झोळीत पाय ताठ करून किंचाळली. तिसऱ्या दिवशी पीत पीत झोपली आणि तिला वर ओढताना कडी अडकली. तिचा घामच निघाला. चौथ्या दिवशी जमलं. पाचव्या दिवशी पुन्हा जमलं नाही. मंगळवारी संध्याकाळी तिने ती धुऊन वाळत घातली आणि बाल्कनीत तीन वेळा जाऊन वाळली का ते बघून आली.

चौकशीची खोली लांबट होती. टेबलाच्या टोकाला चौकशी अधिकारी, पन्नाशीचे, सारखे पेनचं टोपण काढून लावणारे. एका बाजूला छापखान्याचे वकील आणि फोरमन. समोर तो कामगार. छापखान्यात त्याला सगळे कटिंगवाला म्हणायचे, कारण तीस वर्षं तो कागदाचे गठ्ठे कापायच्या मशीनवर होता. त्याची बायको भिंतीशी बसली होती. आई बाहेर बाकावर थांबली.

खोलीत जायच्या आधी तिने बाळाला डाव्या बाजूला पोटभर पाजलं होतं. आता कड्या डाव्या खांद्यावर, भिंगरी उजव्या कडेवर, जागी.

वकिलांनी बाळाकडे बघून भुवया उंचावल्या. अधिकारी म्हणाले, "मी परवानगी दिली आहे. चला."

कटिंगवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि सावकाश, डाव्या हाताने पहिलं वाक्य केलं. उजवा हात मांडीवर, तर्जनी आणि मधलं बोट नसलेला. एखादी खूण अगदीच अडली तर तो उचलायचा आणि लगेच खाली ठेवायचा. डावा हात नवशिक्यासारखा अडखळत होता. पण अडखळायची ती पद्धत तिच्या ओळखीची होती. तिने ते वाक्य बोलून सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. दोन बैठकांनंतर पहिल्यांदा त्याचं वाक्य पलीकडे पोचलं होतं.

पाऊण तास बरा गेला. मशीन कुठलं, काम किती वर्षांचं, पात्याच्या पुढे लोखंडी जाळी असते ती कशासाठी. मुद्दा सगळा त्या जाळीचा होता. जाळी असती तर हात आत गेलाच नसता. छापखान्याचं म्हणणं, त्याने ती स्वतः काढली. त्याचं म्हणणं, काढायला सांगितली.

मग भिंगरीने लांब श्वास घेतला. तिला तो उजव्या बरगडीत जाणवला आणि त्याच क्षणी पान्हा फुटला. सांगत असलेलं वाक्य तिने पुरं केलं, कडी उचलली, कापड सरकवलं, ओढणी घेतली. बाळ प्यायला लागलं. चार-पाच सेकंद गेले असतील. अधिकारी खिडकीबाहेर बघू लागले. फोरमनने घसा खाकरला.

"विचारा पुढे," ती म्हणाली.

वकिलांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही. फोरमनला खुणांची भाषा येत नाही. मग जाळी काढा असं त्यांनी तुम्हाला सांगितलं कसं?"

तिने प्रश्न हातांनी सांगितला. कटिंगवाला उत्तर द्यायला लागला. आणि नेमकं तेव्हाच तिला वाटलं, पिण्याचा आवाज थांबला. तिने खाली बघितलं. भिंगरीचं नाक मोकळं होतं, ती नुसती दम घेत होती, डोळे उघडे. एवढंच. पण तिने वर बघितलं तेव्हा कटिंगवाल्याचा हात खाली आला होता. तो तिच्या बोलण्याची वाट बघत होता. सगळेच वाट बघत होते.

तिला शेवट दिसला होता. सुरुवात नाही. काहीतरी मनगट, काहीतरी अंगठा. अंदाज बांधता आला असता. बांधला असता तर बरोबरही आला असता कदाचित.

"माफ करा," ती म्हणाली. "मी बाळाकडे बघत होते. त्यांचं उत्तर माझ्याकडून निसटलं. त्यांना पुन्हा विचारावं लागेल." आणि हेच तिने हातांनी कटिंगवाल्याला सांगितलं.

वकील लगेच उठले. "साहेब, हे काय चाललंय? एक उत्तर निसटलं हे यांनी सांगितलं. आधीची किती निसटली असतील? ही साक्ष आहे का पाळणाघर?"

तिने तेसुद्धा हातांनी सांगितलं, शब्दन् शब्द, कारण खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगणं हे तिचं काम होतं. कटिंगवाल्याची बायको पदराने डोळे पुसायला लागली. तिलाही रडू येईल असं वाटलं, पण रडायलासुद्धा हात मोकळे नव्हते.

अधिकाऱ्यांनी टोपण लावलं. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"आधीचं काही निसटलेलं नाही. निसटलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, आता सांगितलं तसं." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पण मी दहा मिनिटं मागते. हिला पोटभर पाजते. मग सलग बसेन. इतका वेळ एकट्या दुभाषीने बसणंही बरोबर नाही, बाळ असो वा नसो. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. माझं चुकलं."

"दहा मिनिटं," अधिकारी म्हणाले.

बाहेर बाकावर आईने काही विचारलं नाही. आत काय झालं ते सांगता येत नसतं, हे तिला लेकीच्या धंद्यामुळे माहीत होतं. तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली आणि लेकीच्या पाठीला कोपर टेकवून बसून राहिली. भिंगरी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली, तिला तर कसलीच घाई नव्हती. नवव्या मिनिटाला ती झोपली. कड्यांतलं शेपूट ओढून लेकीने बाळाला वर घेतलं, गाल छातीला, तोंड बाहेर, कपाळ ओठांजवळ. हनुवटीखाली दोन बोटं घालून बघितली. मग आत गेली.

प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी तिने डोळे हलवले नाहीत.

कटिंगवाला उठून उभा राहिला. तो खुणांची भाषा बोललाच नाही. तो फोरमन झाला. खांदे मागे टाकले, ओठ घट्ट केले, तरातरा दोन पावलं आला, मनगटावरच्या घड्याळावर टकटक केलं, अंगठ्याने जाळीकडे इशारा केला आणि हात झटकून टाकला: काढ ती, फेक बाजूला, उशीर होतोय. मग पुन्हा घड्याळावर टकटक.

तिने तोंड उघडलं, पण सांगायची गरजच उरली नव्हती. अधिकारी फोरमनकडे बघत होते. फोरमन खुर्चीत जसा बसला होता, खांदे मागे, ओठ घट्ट, त्यावरून तो कोण ते कुणालाही ओळखता आलं असतं. तरी तिने सांगितलं, कारण कागदावर शब्दच लागतात. "घड्याळ दाखवलं. जाळीकडे अंगठा केला. काढून टाक अशी खूण केली. पुन्हा घड्याळ दाखवलं."

"दुसऱ्यांदा सांगताना रंगवून सांगायला वेळ मिळाला त्यांना," वकील म्हणाले.

"तीही नोंद करतो," अधिकारी म्हणाले.

निकाल तीन आठवड्यांनी आला. फोरमनने जाळी काढायला लावली हे मान्य झालं. कटिंगवाल्याला छापखान्यातच बैठं काम मिळालं आणि सगळ्या मशीनना अशी जाळी बसवायचा हुकूम झाला, जी हाताने निघत नाही. त्याच निकालात अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं की एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, त्यामुळे त्याला तेवढं कमी वजन दिलं आहे. बाकी पुरावे होते म्हणून भागलं.

कटिंगवाल्याच्या बायकोने फोन करून आभार मानले. ती "हो, हो" म्हणत राहिली. तिला ती ओळच दिसत होती: कमी वजन दिलं आहे. बाकी पुरावे नसते तर? घरभर फिरताना, कपडे घड्या करताना, मध्येच ती थांबायची.

"सोड आता," आई म्हणाली. प्लास्टर निघालं होतं, हात अजून कडक होता, पण बोलणं पुन्हा दोन हातांचं झालं होतं. "त्याचं काम झालं ना?"

"झालं. पण माझ्यामुळे नाही झालं."

"तुझ्याशिवायही नसतं झालं. आधी दोनदा नव्हतंच झालं."

तरी तिला बरं वाटलं नाही. तिने कागद घेतला आणि कामगार कार्यालयाला पत्र लिहायला बसली. अर्ध्या तासाहून जास्त चालणाऱ्या कुठल्याही बैठकीला दोन दुभाषी बसावेत, आलटून पालटून. ज्या दुभाषीचं बाळ अंगावर पीत असेल तिला मध्ये वेळ मिळावा आणि तो आधी ठरलेला असावा, मागावा लागू नये. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा नीट लिहिलं. पुढच्या सोमवारी तिला एका शाळेत पालकसभेला दुभाषी म्हणून जायचं होतं. तिथे कोण कोण असणार, किती वेळ चालणार, दुसरं कुणी मिळेल का, हे विचारायला तिने लगेच फोन उचलला.